उजव्या हाताची टाकी

अकोल्याहून पातूरच्या वाटेला लागलं की डाव्या अंगाला बरडगावची टेकडी दिसते. टेकडी म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं. तिचा निम्मा भाग माणसांनी फोडून, ट्रकांत भरून, सडकांवर अंथरून केव्हाच संपवलाय. उरलेल्या निम्म्याच्या पायथ्याशी खदानपुरा ही वस्ती आणि वस्तीमागे, नाल्याच्या पलीकडे, वडारांची माती द्यायची जागा. हे लोक आपली माणसं जाळत नाहीत, पुरतात. त्या जागेत मातीचे पाच ओटे एका रांगेत आहेत आणि त्यांच्या उशाशी कमरेइतका उंच, काळा, ओबडधोबड दगड उभा आहे. संपात मेलेल्या पाच जणांची नावं त्यावर चुन्यानं लिहिलेली आहेत. दर वर्षी कुणीतरी चुना नव्यानं फिरवतं आणि दर वर्षी एखादी वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते.

त्या पाच नावांतलं एकही नाव भागीरथाबाईच्या घरचं नाही. तरी पाचही ओटे सारवते ती भागीरथाबाईच. आमुशा-पुनवेला शेणाचा पो घेऊन ती नाल्यापलीकडे जाते, चार ओटे भराभर उरकते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या ओट्याशी मात्र रेंगाळते. तो ओटा सूर्यभानचा, म्हणजे तिच्या शेजारणीच्या, गोदाबाईच्या नवऱ्याचा. बायका म्हणतात, शेजारधर्म असावा तर असा. बायकांना काय, काहीतरी म्हणायचं असतं.

भागीरथाबाई सत्तरीच्या पुढं गेलीय. अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट. पाटे-वरवंटे घडवायचे, डोक्यावर घेऊन पातूरच्या बाजारात विकायचे, घरोघरी जाऊन गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून, टोचून खरखरीत करून द्यायचे, यात तिचा जन्म गेला. मिक्सर आले आणि धंदा बसला. तरी एखादी सून "पाटा टाकवून द्या" म्हणून बोलवायची आणि मग तासभर हिचं तोंड ऐकून घ्यायची. "मिशीनीतली चटनी खाता, म्हून तुमच्या तोंडाले चव नाई," असं गिऱ्हाइकालाच सुनावणारी ही बाई. तिच्या तोंडी लागायला वस्तीतले पुरुषही धजत नसत.

आणि कपाळावर मोठं, ठसठशीत कुंकू. चाळीस वर्षांपासून जिच्या नवऱ्याचा पत्ता नाही, तिचं कुंकू. पाट लाव, दुसरं घर कर म्हणून भाऊ मागं लागला होता, दीर मागं लागला होता. "मले नवरा हाय," एवढंच ती सांगायची आणि समोरच्याला उठवून लावायची. मागून लोक हसत. समोर हसायची कुणाची छाती नव्हती.

तिचा नवरा श्रावण. खदानीतला एकुलता एक डावखुरा. दगड फोडणारा माणूस हातोडा उजव्या हातात धरतो आणि टाकी, म्हणजे छिन्नी, डाव्या हातात. श्रावणचं सगळं उलटं. त्याच्या टाकीच्या कपच्याही उलट्या बाजूला उडत आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत जात, म्हणून त्याला नेहमी रांगेच्या टोकाला बसवायचे. बिचारा बसायचा. बोलायला कमी, चालायला हळू, चिडवलं तर नुसता हसणारा. भागीरथा लग्न होऊन आली तेव्हा त्यानंच तिला पाटा घडवायला शिकवलं आणि ती पहिले काही महिने टाकी चुकीच्या हातात धरून बसली. अख्खा खदानपुरा पोट धरून हसला होता. "गुरू तसा चेला," सूर्यभान ओरडला होता. सूर्यभानचं सगळंच मोठ्यानं असे.

हातोडा कधी ना कधी निसटतो. निसटला की टाकी धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर बसतो. खदानीत दोन पावसाळे काढलेला एकही पुरुष नव्हता, ज्याच्या अंगठ्याचं नख धड आहे. काळं पडलेलं, दुभंगलेलं, कुणाचं अर्धं गळून गेलेलं. सगळ्यांच्या डाव्या हाताचं तसं होतं, एकट्या श्रावणच्या उजव्या.

संप झाला तो पेटीवरून. फोडलेली गिट्टी लाकडी पेटीनं मोजायची आणि त्यावर मजुरी ठरायची. एका दिवाळीनंतर ठेकेदारानं नवी पेटी आणली. रंगवलेली, छान. चार दिवसांनी सूर्यभानच्या लक्षात आलं की पेटी जुन्यापेक्षा वीतभर खोल आहे. घाम तेवढाच, पण पेटी भरता भरेना. त्यानं पेटी उचलून सडकेवर आपटली आणि काम बंद झालं. बाया-माणसं लेकरांसकट खदानीच्या तोंडाशी जाऊन बसली. भाकरी तिथंच, झोप तिथंच.

बोलणी करायला ठेकेदाराच्या मुनशीकडे कुणी जायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी श्रावणचं नाव घेतलं. सूर्यभान गेला असता तर मुनशीच्या डोक्यात पेटी घालून आला असता. श्रावण शांत माणूस, दोन शब्द ऐकून घेईल. तो गेला, तासाभरानं परत आला आणि म्हणाला, "उद्या सकाळी सांगतो म्हणते." त्याला सगळ्यांनी मिळून पाठवलं होतं हे पुढं कुणालाच आठवलं नाही. तो एकटा मुनशीकडे गेला होता, एवढं मात्र सगळ्यांना आठवलं.

सकाळी मुनशी आला नाही. जीपा आल्या. त्यांतून ठेकेदाराची भाडोत्री माणसं उतरली, काहींच्या हातांत काठ्या, काहींच्या बंदुका. टेकडीकडे पळालेले वाचले. खदानीकडे पळालेले थेट खड्ड्याच्या काठावर गेले. खाली हिरवंगार, माणूस बुडेल इतकं पाणी. कुणी गोळी लागून पडला, कुणाला ढकललं, आणि वरून दगड लोटले. बायका टेकडीवरून बघत होत्या, ओरडत होत्या. इतक्या लांबून कोण कुठं पडलं ते समजत नव्हतं. भागीरथाचा आवाज तेव्हा बसला तो महिनाभर धड उघडला नाही.

सहा जण घरी आले नाहीत. मग सरकारी पंप आले, थोडं पाणी उपसलं, खड्ड्यातून एकेक करून पाच देह निघाले. सहावा सापडेना. पंप आणखी दोन दिवस चालला आणि बंद झाला. तळाशी ट्रकभर दगड लोटलेले, ते उचलणार कोण? सहावा माणूस खड्ड्यात नव्हताच, असं ठरवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

देह अकोल्याहून चादरींत गुंडाळून ट्रकमधून आले. पाण्यात राहून आणि दगडांखाली चेंगरून तोंडं ओळखण्यासारखी उरली नव्हती. चादरी उघडू नका, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं. कपड्यांवरून, करदोट्यावरून, कानातल्या बाळीवरून चौघांची ओळख दवाखान्यातच पटली होती. पाचवा राहिला होता. सूर्यभान की श्रावण?

गोदाबाई तेव्हा दिवसांत होती, आज की उद्या अशी. तिला बायकांनी धरून लांब उभं केलं होतं. ट्रकमधून पाचवा देह उतरवताना चादर सरकली आणि एक हात बाहेर लोंबला. अंगठ्याचं नख दुभंगलेलं. सूर्यभानचं नख तसंच दुभंगलेलं होतं. गोदाबाईनं तो अंगठा पाहिला आणि "माहाच हाय वं, माहाच हाय" म्हणत ती जमिनीवर कोसळली. हात कोणता, उजवा की डावा, हे कुणी पाहिलं नाही. पाहायचं कशाला? खदानीत अंगठा फुटतो तो डावाच, इतकं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं निदान एकदा खात्री केली असती.

खदानपुऱ्याची एक रीत आहे. माती देण्याआधी शेजारच्या घरची बाई मयताचे हात धुते आणि त्याची टाकी त्याच्या डाव्या मुठीत ठेवते. हातोडा लेकासाठी मागं राहतो, टाकी ज्याची त्याच्याबरोबर जाते. सूर्यभानच्या शेजारचं घर भागीरथाचं. तिनं तांब्या घेतला, चादरीखाली हात घातला आणि आधी डावा हात बाहेर काढला. अंगठा धड होता. नख सुजलेलं, पांढरं पडलेलं, पण अख्खं. तिनं उजवा हात हातात घेतला.

पुढचं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तो हात तिनं ओळखला. अंगठ्यावरूनच नव्हे, तळव्यावरून, मनगटावरून, सगळ्यावरून ओळखला. पाच वर्षं त्या हातानं तिच्या हाताला धरून टाकी कशी धरायची ते शिकवलं होतं. मागं गोदाबाई रडत होती. भागीरथाच्या तोंडाशी शब्द आला होता. आणि तिच्या मनात आलं की मी बोलले तर हा मेला. नाही बोलले तर सूर्यभान मेला आणि माझा कुठंतरी आहे. फक्त आजचा दिवस असू दे. उद्या सांगेन.

तिनं दोन्ही हात धुतले. सूर्यभानची टाकी उचलली आणि रीतीप्रमाणे डाव्या मुठीत ठेवली. जन्मभर त्या हातात टाकी कधी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईला मुलगा झाला. बापाच्या मातीचा ओला ओटा अजून वाळला नव्हता. त्या घरात जाऊन आता काय सांगायचं? भागीरथानं बाळंतिणीला शेक दिला, पोराला न्हाऊ घातलं आणि सांगणं पुढं ढकललं. पुढं ढकलण्याचं एक असतं, पहिला दिवस तेवढा जड जातो.

लवकरच लोक बोलायला लागले. श्रावण मुनशीला भेटला होता, ठेकेदाराला फितूर झाला, पैसे घेऊन पळाला. कुणीतरी त्याला खंडव्याच्या स्टेशनवर पाहिलं म्हणे, अंगात नवा सदरा होता. अफवेला सदराही शिवून झाला. दुसऱ्या बाईनं असं बोलणाऱ्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. भागीरथा त्या माणसाच्या घरी गेली आणि विचारलं, "सदरा कोन्त्या रंगाचा होता?" तो गडबडला, निळा म्हणाला. ती घरी आली आणि तो निळा सदरा घातलेला श्रावण मनात घेऊन झोपली. पुढं एकदा ती कुणाला न सांगता खंडव्यालाही जाऊन आली. दिवसभर स्टेशनवर बसून राहिली, निळ्या सदऱ्याचा माणूस दिसला की उठून उभी राहायची. जिनं स्वतःच्या हातानं त्याचे हात धुतले, तीच ही बाई. वेड म्हणा हवं तर. वेड नसतं तर ती जगली नसती.

किंमत मात्र श्रावणनं मोजली. दर वर्षी संपाच्या दिवशी नाल्यापलीकडे सभा भरते, कुणीतरी बाहेरून भाषणाला येतो, पाच जणांच्या नावानं घोषणा होतात आणि सहाव्याच्या नावानं थुंकलं जातं. भागीरथा बायकांच्या रांगेत बसून ऐकते. आपण त्याला जिवंत ठेवायला गेलो आणि फितूर करून ठेवलं, हे तिला समजत होतं. गोदाबाईचा पोरगा शाळेत जायला लागला, "शहिदाचा पोरगा" म्हणून मास्तर त्याला पुढं बसवायचे, आणि तिला वाटायचं, आता कुठल्या तोंडानं?

तो पोरगा, कुलदीप, आज चाळिशीचा आहे. बापानं हातोडा चालवला, हा जेसीबी चालवतो. जेसीबीच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत "सूर्यभान" लिहिलंय. यंदा त्यानं मनावर घेतलं की हा चुन्याचा खेळ पुरे, ओट्यांच्या उशाशी चकचकीत ग्रॅनाइटची पाटी बसवायची आणि नावं मशीननं कोरून घ्यायची. वर्गणी झाली, सभेचं ठरलं, अमरावतीहून एक पुढारी येणार हेही ठरलं.

एका दुपारी तो भागीरथाच्या ओसरीवर येऊन टेकला. तिला तो मोठी माय म्हणतो.

"मोठी माय, उद्या नावं द्या लागते मशीनवाल्याले. एकडाव कोरलं का मंग खोडता येत नाई. काई सुटलं तं नाई?"

"गरानाईट कुठचं आनून राहिला?" तिनं विचारलं.

"राजस्थानचं."

"जन्मभर काळा दगड फोडला माणसायनं, अन् उशाले राजस्थानचा." ती खोकली. खोकला थांबेपर्यंत तो वाट पाहत राहिला. दगडाची भुकटी तिच्या छातीत बसली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो काढून पाहिला होता आणि तिच्याशी न बोलता कुलदीपशी बाहेर जाऊन बोलला होता. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं होतं.

"श्रावणचं नाव?" ती म्हणाली.

कुलदीप खाली बघायला लागला. हा विषय तिनं बुढ्या लोकांपुढं पूर्वी एकदा काढला होता आणि उत्तर मिळालं होतं, ज्याची माती इथं, त्याचं नाव इथं. "मोठी माय, माह्या हाती असतं तं मी लिवलं असतं. पन लोकं आयकत नाईत. त्यायची माती कुठी हाय, सांग बरं? माती दाखव, मी सोता कोरतो."

माती दाखवायला तिला उठायचीही गरज नव्हती. ओसरीवरून नाला दिसत होता, नाल्यापलीकडे ओटे दिसत होते. कुलदीपनं तिच्या औषधाची चौकशी केली, संध्याकाळी पोरीच्या हातून डबा पाठवतो म्हणाला आणि गेला.

तिला आता घाई झाली. आपण गेलो की श्रावण कुठं झोपलाय हे जगात कुणालाही माहीत नसणार. फितूर म्हणून तो दगडावर चढला नाही, आणि दगडावर नाही म्हणून फितूरच राहणार. कोरलं की खोडता येत नाही. कुलदीपला सांगायचं, पंचांना सांगायचं, हातात टाकी डावीकडे आहे आणि फुटका अंगठा उजवीकडे, उकरून बघा म्हणायचं. हाडावर खूण राहते की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, पण ती हटणार नव्हती. मात्र त्याआधी गोदाला सांगायला हवं. ज्या बाईच्या दारात आपण चाळीस वर्षं बसलो-उठलो, तिला हे सभेत कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा गोदाबाई अंगणात सुपात तुरीची दाळ पाखडत होती.

"गोदा, एक गोठ सांगाची होती तुले."

"सांग नं. मी काय कुठी पळून राहिली?"

"त्या दिवसाची हाय."

सूप थांबलं. त्या दोघींमध्ये "तो दिवस" म्हटलं की एकच दिवस.

"टरकातून उतरवतानी चादरीभायेर आला होता, तो हात तू पायला. फुटेल आंगठा पायला. गोदा, तो उजवा हात होता. डावा आंगठा धड होता. म्या धुतला, म्या पायला. सूर्यभानभाऊचा डावा फुटेल होता. उजवा फुटेल माणूस आपल्या खदानीत एकच होता."

गोदाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तवा काऊन नाई बोलली?" एवढं ती विचारेल, शिव्या देईल, झिंज्या धरेल, अशी तयारी करून भागीरथा आली होती. गोदाबाईनं ते विचारलंच नाही.

"मंग माहा कुठी हाय?" ती म्हणाली.

भागीरथाची नजर खदानीकडे गेली.

"खदानीतच हाय का मंग? त्या दगडायखाली?" गोदाबाई हळूहळू बोलत होती, स्वतःशीच बोलल्यासारखी. "रोज धुनं धुते मी तठी, भागी. कुलदीप लहान होता, तवा तठीच आंगोय घातली त्याले. त्याच पान्यात." ती उठून उभी राहिली आणि टेकडीच्या बाजूला बघायला लागली. "नाई तं जीपीत टाकून नेला का त्याले? जित्ता होता का तो? मले हाका मारल्या असतीन त्यानं. कोनी मारून टाकला मंग, कुठी फेकला? भागी, सांग नं. माहा माणूस कुठी हाय?"

गोदाबाईच्या डोळ्यांत जे उतरत होतं ते भागीरथाच्या ओळखीचं होतं. खंडव्याच्या स्टेशनवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत ते होतं, रात्री कडी वाजली की धडपडत उठणाऱ्या बाईच्या डोळ्यांत होतं. हे दुखणं तिनं स्वतः मागून घेतलं होतं आणि तरुण वयात, अंगात बळ होतं तेव्हा घेतलं होतं. गोदा सत्तरीची. तिला एक ओटा होता, त्यावर पाणी घालून ती सुखानं झोपत होती. आपण आपला माणूस न्यायला आलो आणि हिच्या घरात बेपत्ता माणूस ठेवून चाललो.

"अवं बह्याड," ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "बस खाली. लागली लगेच रडाले!"

गोदाबाईनं वळून पाहिलं.

"खोटं बोलली मी. डोस्कं फिरलं माहं. म्हणलं, असं सांगतलं तं श्रावणचं नाव चढन दगडावर. म्हून आली होती. तो हात डावाच होता. म्याच टाकी देल्ली नं त्या हातात? मले ठाऊक नाई काय?"

"शपथ घे."

"श्रावणची शपथ," भागीरथा म्हणाली.

गोदाबाईनं श्वास सोडला आणि मग मात्र ती फाडफाड बोलली. माझ्या माणसाची माती चोरायला आलीस, तुझा नवरा फितूर तर माझ्यावर कशाला उठतेस, माझ्या पोरानं तुला आई मानली, हे पांग फेडलेस, असं बरंच काही. अंगणात शेजारणी गोळा झाल्या. तिखट तोंडाची भागीरथा मान खाली घालून सगळं ऐकत राहिली, एका शब्दानं उलटली नाही. लोकांना त्याचंच नवल वाटलं. बातमी संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाली की बुढीनं नवऱ्याच्या नावासाठी खोटं रचलं. कुलदीपनं त्या दिवशी डबा पाठवला नाही.

सभेच्या दिवशी मांडव उभा राहिला, भोंगा लागला. नवी पाटी हारांनी झाकलेली. हार बाजूला केले तेव्हा ती अशी चकाकली की पुढच्या रांगेतल्यांची तोंडं तीत दिसायला लागली. पाच नावं, सुबक, एकही वेलांटी न चुकलेली. अमरावतीचा पुढारी चांगला बोलणारा होता. वीतभर खोल पेटीबद्दल बोलला, गोळ्यांबद्दल बोलला, पाच जणांचं रक्त या मातीत मुरलंय म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला, "आणि याच मातीत एक फितूरही निपजला, हे विसरू नका!" टाळ्या पडल्या. श्रावणबद्दल हे दर वर्षीच ऐकायची सवय असूनही भागीरथाला या वेळी ते बसल्याजागी सहन होईना. ती उठली, गर्दीतून मागच्या मागं सरकत ओट्यांपाशी गेली आणि तिसऱ्या ओट्याला टेकून बसली. मी तुला जगवायला गेले रे, ती मनात म्हणाली. मरायचा मानसुद्धा तुला मिळू दिला नाही. शेवटची संधी होती, तीही मी घालवली.

तिला रडू आलं. इतक्या वर्षांत ती त्या ओट्याशी कधी रडली नव्हती, कारण रडणं म्हणजे कबूल करणं झालं असतं. आज ती हमसून हमसून रडली. बायका लांबून बघत होत्या, जवळ यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी गोदाबाई आली. हातातलं झेंडूचं फूल तिनं ओट्यावर ठेवलं, गुडघे धरत भागीरथाशेजारी बसली आणि थोडा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी लय बोलली तुले त्या दिवशी," ती म्हणाली. "मनात नको धरू. चार दिवस झोप नाई आली मले. तू म्हणली होती ते खरं असतं तं काय झालं असतं माहं, तेच मनात येऊन राहिलं. मंग मले समजलं, का तू हे एवढी वर्सं कसं काढलं असन. माहा तरी इथं हाय, डोळ्यासमोर."

भागीरथाचा हात ओट्यावरच होता.

"तू नको रडू वं, भागी," गोदाबाई तिचे डोळे आपल्या पदरानं पुशीत म्हणाली. "लोकं काईही म्हनू दे. तुहा जित्ता असन. कुठीतरी जित्ता असन तो."

"हो वं," भागीरथा म्हणाली. "असन."